वॉरंट आणि इसार



'वॉरंट' हा शब्द आमच्या शिरोड्याला नवा नाही. १९३० साली इथल्या मिठागरांवर सत्याग्रह झाला होता. तेव्हापासून म्हणा किंवा त्याच्याही आधीपासून म्हणा, वॉरंट म्हटलं की आमच्याकडे पोलीस आणि कोर्ट एवढंच डोळ्यांसमोर येतं. म्हणून दुबईच्या माझ्या भाच्याने मध्यंतरी फोनवर विचारलं, "मामू, थोडे पैसे वॉरंटात घालू का?", तेव्हा माझी बहीण हातातलं काम टाकून धावत आली. तिची समजूत काढल्यावर तिने एकच विचारलं, "जुगार तर नाही ना?" भाच्याच्या प्रश्नापेक्षा हा प्रश्न मला मोलाचा वाटला. मी बी. ए. झालेला कवी माणूस, आकडेमोड हा काही माझा प्रांत नव्हे. पण पैसा परक्या मुलखात राबून मिळवलेला, तेव्हा वाचून बघणं भाग होतं.

शेअर वॉरंट म्हणजे एका परीने इसारच. आपण जमीन घेताना इसार देतो, भाव ठरतो, मुदत ठरते. मुदतीत उरलेले पैसे दिले की खरेदीखत होतं, नाहीतर इसारावर पाणी सोडायची वेळ येते. वॉरंटात कंपनी म्हणते : आज एवढी रक्कम द्या, अमुक तारखेपर्यंत अमुक भावाने आमचा शेअर घ्यायचा हक्क तुमचा. घ्यायलाच हवा अशी सक्ती नाही. मात्र तोवर लाभांश नाही आणि मतदानाचा अधिकारही नाही.

मुंबईच्या एचडीएफसी या गृहकर्ज कंपनीचं उदाहरण घेऊ. ऑगस्ट २०२० मध्ये तिने वॉरंट काढलं, किंमत १८० रुपये. त्यावर तीन वर्षांत २,१६५ रुपयांना एक शेअर घेता येणार होता. त्याच वेळी कंपनीने मोठ्या संस्थांना शेअर दिला तो १,७६० रुपयांना. २०२३च्या जूनअखेरीस शेअर २,७००च्या वर होता. हिशेबाला २,७००च धरू. शेअर घेणाऱ्याला १,७६० वर ९४० सुटले, म्हणजे शंभराला ५३. वॉरंटवाल्याचा हक्क ५३५ रुपयांचा झाला, १८० चे जवळजवळ तिप्पट! भाच्याच्या तोंडाला पाणी सुटलं ते याचमुळे.

आता समजा, शेअर २,१०० वरच थांबला असता. शेअरवाल्याला तरीही ३४० रुपये आणि वर लाभांश. वॉरंटवाल्याच्या हाती मात्र कोरा कागद. कारण बाजारात २,१०० ला मिळणारी वस्तू २,१६५ ला कोण घेईल? २,२५० झाला असता, तरी हक्काची किंमत ८५ आणि गेलेले १८०. कंपनी चांगली, शेअरही वाढलेला, आणि पैसे मात्र बुडालेले. शेअरवाला भाव पडला तर वाट बघू शकतो. वॉरंटाला तारीख असते.

दुसरी गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. अशी हजार वॉरंटं घ्यायला १ लाख ८० हजार लागतात. पण शेअर पदरात पाडून घ्यायला २१ लाख ६५ हजार हवेत! तेवढे नसले तर वॉरंट बाजारात विकावं लागतं, आणि त्याला गिऱ्हाईक शेअरइतकं सहज मिळत नाही. बहिणीला मी एवढंच सांगितलं की ज्याला जमीन खरंच घ्यायची आहे आणि उरलेले पैसे ज्याच्यापाशी आहेत, त्याने दिलेला इसार हा व्यवहार. खिशात फक्त इसारापुरते पैसे असलेल्याचा तो जुगार, मग कागदावर कोणाचाही शिक्का असो. भाच्यापाशी २१ लाख नाहीत. मी त्याला नको म्हटलं. पटलं की नाही, कोण जाणे!

वॉरंटाची आणखी एक जात वर्तमानपत्रात सारखी दिसते : 'प्रवर्तकांनी वॉरंटं घेतली.' मालकच पैसे घालतोय म्हटल्यावर लोक हुरळतात. इथे इसार शेवटच्या किमतीतून वजा होतो आणि मुदत १८ महिन्यांची असते. २००७ साली हिंडाल्कोच्या प्रवर्तकांनी १७३ रुपये ८७ पैसे भावाने सुमारे ८ कोटी वॉरंटं घेतली. तेव्हा १० टक्के भरले की भागत असे. २००८ च्या मंदीत शेअर शंभराच्या खाली गेला, आणि त्यांनी सुमारे १३९ कोटींचा इसार सोडून दिला. हिशेबाला धरून वागले, दुसरं काय! हे पैसे कंपनीच्या तिजोरीतच राहिले. पण उरलेली ९० टक्के रक्कम आलीच नाही.

पुढे २००९ साली 'सेबी'ने हा इसार २५ टक्के केला. आता प्रवर्तकांनी मुदतीत शेअर घेतले नाहीत, तर वर्षभर त्यांना असे शेअर वा वॉरंटं देता येत नाहीत. तरीही बातमी वाचताना कंपनीत आज आलेत ते फक्त चार आणे, हे ध्यानात असू द्या आणि अठराव्या महिन्याची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.