जोडा आणि ठराव



सुरतेत राजकारणावर बोलायचे म्हटले की १९०७ साल टाळता येत नाही. तापीकाठच्या फ्रेंच बागेत काँग्रेसचा मांडव पडला होता. २७ डिसेंबरला त्या मांडवात एक मराठी जोडा व्यासपीठाकडे भिरकावला गेला. मँचेस्टर गार्डियनचा बातमीदार हेन्री नेव्हिन्सन तिथे हजर होता. लाल चामडे, टोकदार चवडा, तळाला ठोकलेले शिसे, इतक्या बारकाईने त्याने तो जोडा टिपून ठेवला. सुरेंद्रनाथ बॅनर्जींच्या गालाला लागून तो फिरोजशहा मेहतांवर आदळला. शंभराहून अधिक वर्षे लोटली, तरी सुरतेचे अधिवेशन म्हटले की आपल्याला आधी तो जोडाच आठवतो. भांडण कशावरून जुंपले होते, हे मात्र चटकन सांगता येत नाही.

भांडण ठरावांवरून होते. १९०६ साली कलकत्त्याला दादाभाई नौरोजींच्या अध्यक्षतेखाली स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार आणि राष्ट्रीय शिक्षण यांवर ठराव झाले होते. सुरतेत मवाळ पुढारी त्यांची धार बोथट करणार, असा जहाल टिळकांना संशय होता आणि मसुदा वेळेवर हाती येत नव्हता. टिळकांनी स्वागताध्यक्ष त्रिभुवनदास मालवींकडे चिठ्ठी धाडली की, अध्यक्षांच्या निवडीच्या सूचनेला अनुमोदन मिळाल्यावर मला तहकुबीची सूचना मांडायची आहे, माझे नाव पुकारा. नाव पुकारले गेले नाही. तेव्हा टिळक उठले, व्यासपीठावर गेले आणि हाताची घडी घालून उभे राहिले. खाली उतरा म्हणणाऱ्यांना त्यांनी दाद दिली नाही.

मला त्या दिवसाचे सार या चिठ्ठीत दिसते. अध्यक्षाच्या खुर्चीत बसलेल्याला सभासदाचे तोंड बंद करण्याचा अधिकार आहे का, असेल तर किती, हे टिळक विचारत होते. इंग्रज सरकारला ते दर आठवड्याला केसरीतून हेच विचारत. सत्ता परक्याची असो की आपल्या माणसांची, तिला नियमाची वेसण हवीच. जोडा फेकणारा कोणत्याही बाजूचा असो, त्याने टिळकांचे नुकसान केले असे माझे स्पष्ट मत आहे. जोडा उडाला त्या क्षणी चिठ्ठी बातमीतून नाहीशी झाली. इंग्रज सरकारनेही त्यांचे तोंड बंद केलेच: पुढच्याच वर्षी, २२ जुलै १९०८ ला, केसरीतल्या लेखांसाठी टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. त्याआधी जूनमध्येच वृत्तपत्रांविरुद्ध नवा कायदा आला होता.

सुरतेला सत्तेच्या हद्दीचा हा प्रश्न टिळकांनी येऊन शिकवला, असेही नाही. १८४४ साली कंपनी सरकारने मिठावरचा कर मणामागे आठ आण्यांवरून एक रुपया केला. ऑगस्टअखेर सुरत रस्त्यावर उतरली, दुकाने बंद झाली. शेवटी सरकारने कर बारा आण्यांवर आणला. दांडीयात्रेच्या शहाऐंशी वर्षे आधीची ही गोष्ट, आणि दांडी इथून किती लांब आहे हे तुम्हाला मी सांगायला नको. चार वर्षांनी सरकारने नवी वजनमापे लादायला घेतली, तेव्हाही शहराने हरताळ पाळला आणि सरकारला माघार घ्यावी लागली. तागडी हातात धरणाऱ्या माणसाला सरकारची हद्द पुस्तकातून शिकावी लागत नाही.

पण इथे एक घोटाळा होतो. सरकारची हद्द म्हणजे सरकारने अंग काढून घेणे, असे अनेक जण धरून चालतात. १९९४ चा सप्टेंबर ज्यांनी इथे काढला त्यांना ते पटणार नाही. प्लेगची बातमी फुटली, लाखो लोक गाड्यांना लोंबकळत शहर सोडून गेले, कित्येक खासगी दवाखान्यांना कुलपे लागली. शहर सोडणाऱ्यांत आपले खानदेशी कामगारही होते. वाहिन्यांनी आणि पत्रांनी स्टेशनावरची गर्दी जगभर दाखवली. १९९५ च्या मे महिन्यात एस. आर. राव महापालिकेचे आयुक्त म्हणून आले. त्यांनी शहराचे सहा विभाग केले, प्रत्येक विभागाच्या अधिकाऱ्याला खर्चाचे आणि निर्णयाचे अधिकार दिले आणि सगळ्यांना रोज सकाळी गटारांपाशी उभे केले. गटार, पाणी, कचरा ही सरकारचीच कामे. ती नीट करणारे सरकार मला हवे आहे. मी काय वाचावे आणि कुणाविरुद्ध बोलावे, हे ठरवणारे नको. त्या सकाळच्या फेऱ्यांना मात्र स्टेशनावरच्या गर्दीइतकी जागा कुठल्या पत्राने दिली नाही. पळापळ एका छायाचित्रात मावते, गटार वर्षभर साफ राहिले हे सांगायला बातमीदाराला वर्षभर त्याच गल्लीत जावे लागते. संपादकांनी त्यासाठी माणूस द्यावा, एवढीच माझी मागणी आहे.

आता अगदी अलीकडचे सांगतो. २२ एप्रिल २०२४ ला सुरतची लोकसभेची जागा बिनविरोध झाली. काँग्रेसच्या उमेदवाराचा अर्ज सूचकांच्या सह्यांवरून बाद झाला, बाकीच्यांनी माघार घेतली आणि भाजपचे मुकेश दलाल निवडून आल्याचे जाहीर झाले. काँग्रेसचा तो उमेदवार कुठे आहे, कुणाच्या संपर्कात आहे, यावर वाहिन्यांनी किती दिवस घालवले ते तुम्ही पाहिले आहे. आपल्या कायद्यात एकच उमेदवार उरला तर मतदान होत नाही, म्हणून लाखो सुरतकरांना ‘नोटा’चे बटणसुद्धा दाबता आले नाही. मतदानच न झाल्याची चर्चा मात्र चार दिवसांत मागे पडली. निवडून आलेला उमेदवार कोणत्या पक्षाचा, याच्याशी मला कर्तव्य नाही. दुसऱ्या पक्षाचा असता तरी मी हेच म्हटले असते. एकच नाव उरले तरी मतदान व्हावे, ‘नोटा’ची मते मोजली जावीत आणि ती उमेदवाराहून जास्त भरली तर निवडणूक पुन्हा घ्यावी. त्यासाठी १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात दुरुस्ती लागेल, आणि ती मागण्याचा पहिला हक्क सुरतच्या मतदाराचा आहे.