फावल्या वेळचे कातकाम

चिंचवडच्या एका कारखान्यात लेथवर मी तीस वर्षे काढली. मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत माप राखायचे, हा रोजचा परिपाठ. निवृत्त झाल्यावर वाटले, आता हौसेने लाकूड कातावे. लाकडासाठीचा एक लहान लेथ घेतला, बाभळीचा सुका तुकडा आणला आणि सूनबाईला सांगून टाकले, "रविवारी तुला माझ्या हातचं लाटणं मिळेल."

रविवारी मिळाला तो काटेरी दांडा. जागोजागी तंतू उपसलेले, मधेच एक खड्डा, आणि टोकाशी पटाशी अडकून ढलपी उडालेली. लोखंडावर आरशासारखी सफाई काढणारा मी; पण लाकडाने माझी पुरती खोड मोडली. आज मी तुमच्याशी बोलणार आहे ते या फसलेल्या लाटण्यापासून मी काय शिकलो याबद्दल, आणि विशेषतः कुणाकडून शिकलो याबद्दल.

चाकणजवळच्या एका खेड्यात माझ्या ओळखीचे एक वयस्क सुतार आहेत. सारा गाव त्यांना मिस्त्री म्हणतो. नांगर, कुळव, पाभर, बैलगाडीची चाके यांत त्यांची उमर गेली. पाळण्याचे खांब कातण्यातही हात बसलेला. मी ते लाटणे पिशवीत घालून त्यांच्याकडे गेलो. दाखवायची लाज वाटत होती, पण दाखवले. त्यांनी ते बोटांनी चाचपले आणि म्हणाले, "भाऊ, हे लोखंड नव्हं. आधी पाठ टेकवा, मग धार."

एवढेच वाक्य, पण त्यात सगळे कातकाम आले. ते उलगडून सांगतो. पटाशीच्या धारेमागे जो घासलेला उतार असतो, ती तिची पाठ. फिरत्या लाकडावर प्रथम नुसती पाठ टेकवायची. तेव्हा काहीच कापले जात नाही. मग मूठ हळूहळू वर उचलायची. एका क्षणी धार लागते आणि कागदासारखी पातळ साल निघू लागते. पाठीचा आधार असल्यामुळे धार आत घुसत नाही. मी काय करीत होतो? कारखान्यातल्या हत्यारासारखी पटाशी आडवी रोखून धरीत होतो. ती कापत नव्हती, ओरबाडत होती.

दुसरी गोष्ट त्यांनी दाखवली ती दिशेची. लोखंड चहूकडून सारखे. लाकडाला तंतू असतात. लाटण्यासारखा लांबट जिन्नस कातताना हत्यार नेहमी जाड भागाकडून बारीक भागाकडे न्यावे, म्हणजे प्रत्येक तंतूला खालच्या तंतूचा आधार राहतो. उलट नेले की तंतू उपसले जातात.

आता देवाणघेवाणीची दुसरी बाजू ऐका. मिस्त्रींना मी वेगाचा हिशेब समजावून दिला. लेथ मिनिटाला हजार फेरे घेत असेल, तर पाच सेंटीमीटर जाडीच्या तुकड्याचा काठ मिनिटाला सुमारे १५७ मीटर धावतो. जाडी दहा सेंटीमीटर झाली की तोच काठ ३१४ मीटर धावतो. म्हणून जाड किंवा ओबडधोबड तुकडा नेहमी कमी वेगाने सुरू करावा. हे त्यांच्या हाताला ठाऊक होते, आकडा ऐकून ते हसले आणि म्हणाले, "म्हणजे आमचं बरोबरच होतं म्हणा की!"

श्रोतेहो, मला सांगायचे ते हेच. आपल्या या भागात ज्ञान दोन घरी वाटले गेले आहे. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आले, १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि २००९ च्या सुमारास चाकणच्या माळावर मोटारींचे मोठे कारखाने उभे राहिले. कारखान्याने हजारो माणसांना अचूकपणा शिकवला. पण अख्खी वस्तू आरंभापासून शेवटपर्यंत आपल्या हातून होण्याचे समाधान तिथे क्वचितच मिळते. उलट, ट्रॅक्टर आणि लोखंडी अवजारे आली तसे गावच्या सुताराचे काम सरले. मिस्त्रींचा मुलगा कंपनीत पाळीवर जातो. त्यांचा वाकस भिंतीला टांगलेला असतो. कोणते लाकूड कशाला, ते केव्हा तोडावे, किती दिवस मुरवावे, हे सारे त्या वाकसाबरोबर भिंतीलाच टांगलेले राहणार काय? हौशी माणसाने मनावर घेतले तर तसे होणार नाही.

हौशी माणसाचा पहिला प्रश्न लाकडाचा. चांगले सागवान महाग. पण आपल्याकडे यंत्रे आणि सुटे भाग ज्या खोक्यांतून व फळ्यांच्या चौकटींवरून येतात, त्यांचे लाकूड भंगारवाल्याकडे मिळते. ते घेताना एक खूण पाहावी. परदेशातून येणाऱ्या अशा लाकडावर गव्हाच्या लोंबीचे चित्र असलेला शिक्का असतो आणि त्यात इंग्रजी अक्षरे असतात. एच. टी. असेल तर लाकूड उष्णतेने निर्जंतुक केलेले आहे. त्याचा गाभा ५६ अंश सेल्सियसवर ३० मिनिटे तापवलेला असतो. एम. बी. असेल तर त्याला मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते. ते घेऊ नये. तेलाचे वा रसायनाचे डाग पडलेलेही घेऊ नये. हे लाकूड बहुधा पाइनचे, म्हणजे मऊ. फडताळ, स्टूल, खेळण्याची गाडी यांना चांगले. लाटणे, चमचे यांसाठी मात्र ते वापरू नये. आणि एक चुकलेला खिळा पटाशीची धार घालवतो, म्हणून रंधा मारण्यापूर्वी फळीवरून लोहचुंबक फिरवावे.

शेतातले वाळलेले बाभळीचे किंवा आंब्याचे खोड मिळाले, तर ओंडक्याच्या दोन्ही तोंडांना शेण किंवा मेण फासून ते सावलीत ठेवावे. लाकडातले पाणी तोंडांकडून भरभर निघते आणि तिथेच भेगा पडतात. लेप दिला की ते सावकाश सुकते. इंचभर जाडीच्या फळीला साधारण वर्षभर धीर धरावा, असा जुना हिशेब आहे.

सफाईसाठी आपल्याकडे लाखेची जुनी परंपरा आहे. सावंतवाडीची लाकडी फळे आणि खेळणी तुम्ही पाहिली असतील. कर्नाटकात चन्नपट्टणला काळ्या कुड्याच्या लाकडावर लाखेची रंगीत कांडी धरतात. फिरत्या लाकडाच्या घर्षणाने लाख वितळून बसते, आणि केवड्याच्या जातीच्या पानाने तिला चकाकी आणतात. लाटण्याला मात्र लाख नको. ते कोरे ठेवावे, किंवा खाण्याचे जवसाचे तेल अगदी पातळ चोळावे. जवसाचे तेल हवेने सुकते, खोबरेल सुकत नाही. पण तेलाचा बोळा चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, बरं का! तो आपोआप तापून पेट घेऊ शकतो. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

जपणुकीच्या चार गोष्टी तर पाठच करा. सैल बाही, उपरणे, गळ्यातली माळ, मोकळे केस लेथजवळ नकोत. हातमोजेही नकोत, कारण ते फिरत्या लाकडात अडकतात. डोळ्यांना चष्मा हवा. वीज सुरू करण्यापूर्वी तुकडा हाताने एकदा पूर्ण फिरवून पाहावा. काचकागद लावताना हत्याराची टेकण बाजूला काढावी. आणि नाकातोंडावर फडके किंवा मुखपट्टी हवीच. लाकडाची धूळ कर्करोगास कारण होते, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने १९९५ साली जाहीर केले आहे.

आता तुम्ही म्हणाल, एवढे सगळे एकट्याने कसे जमावे? एकट्याने जमतच नाही. म्हणून आम्ही चार-पाच जण रविवारी सकाळी मिस्त्रींच्या पडवीत जमतो. आमचा एकच नियम आहे. प्रत्येकाने एक जमलेली आणि एक फसलेली वस्तू आणायची, आणि फसलेली आधी दाखवायची. माझे ते लाटणे अजून तिथे खुंटीला आहे. नवा माणूस आला की पहिल्यांदा ते त्याच्या हाती देतो. त्याचा चेहरा उजळतो. तीस वर्षे लेथवर काढलेल्याचे हे हाल, तर मग आपले बिघडले म्हणून काय झाले! नवशिक्याला 'छान छान' म्हणून सोडू नये आणि हसूही नये. "इथवर बरोबर आलं, इथून पुढं पटाशी बोथट झाली," असे नेमके सांगावे. नेमके सांगणे हेच खरे उत्तेजन.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, एक विनंती तुम्हाला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस सुचवले आहेत, आणि त्यात सुतार, कुंभार, माळी अशा स्थानिक कारागिरांकडे शिकण्याचा स्पष्ट उल्लेख आहे. शिरूर तालुक्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला, तो हाताने काम करता करता शिकावे याच विचाराने. तुमच्या गावचा मिस्त्री अजून असेल, तर एक दिवस मुलांना त्याच्या पडवीत न्या. एकेक भोवरा करू द्या. भोवरा डुगडुगला की मुले आपण होऊन विचारतील, असे का? आर मध्यावर बसली नाही, हे त्यांना हाताने कळेल आणि गुरुत्वमध्य शिकवायला तुम्हाला वेगळा फळा लागणार नाही. मात्र फिरता लेथ मोठ्यांच्याच हाती ठेवा. मुलांना कानस, काचकागद आणि जाळी पुरे.

दुसरे लाटणे मला तीन रविवारांनी जमले. सूनबाईने ते वापरून पाहिले आणि म्हणाली, "बाबा, एका टोकाला जरा जाड आहे." मापून पाहिले, तिचेच खरे होते. पुढच्या रविवारी फसलेली वस्तू म्हणून तेच घेऊन गेलो.

तुमच्या घरीही असे एखादे अर्धवट राहिलेले काम असेल. ते माळ्यावरून खाली काढा, आणि ज्याला येते त्याच्याकडे घेऊन जा.