एक माउस, पाच राजे

२००५च्या उन्हाळ्यात अमरावतीत आम्ही पाच मित्र एकाच कॉम्प्युटरपुढे बसायचो. त्यातला एक अकोल्याचा, सुट्टीत मामाकडे आलेला. कूलर एक, माउसही एकच. तरी भांडण व्हायचं नाही, कारण आमचा गेमच पाळीचा होता, 'हिरोज ऑफ माइट अँड मॅजिक थ्री'. एकानं आपला दिवस खेळायचा, तोवर बाकीच्यांनी तोंड फिरवायचं, मग त्यानं खुर्ची सोडायची. कोणी फार वेळ लावला की मागून आवाज यायचा, "काऊन बे, किती इचार करून रायला?"

जॉन व्हॅन कॅनेगम यांच्या न्यू वर्ल्ड कॉम्प्युटिंगनं हा गेम १९९९ साली काढला. नकाशावर आपला सरदार घोड्यावरून हिंडतो, लाकूड, दगड, सोनं गोळा करतो. त्यातून नगरात इमारती उभ्या राहतात आणि सैन्य मिळतं. नगरं आठ प्रकारची, प्रत्येकाचं सैन्य निराळं. कुठे देवदूत, कुठे हाडांचे सापळे, कुठे ड्रॅगन. एक पाळी म्हणजे एक दिवस, आणि नवा आठवडा लागला की नवी भरती. आठवडी बाजाराची वाट पाहावी तशी आम्ही त्या दिवसाची वाट पाहायचो. आदल्या दिवशी सोनं उधळलं असेल तर त्या दिवशी हात चोळत बसायचं. हिशेब शिकवायची याहून चांगली रीत मला ठाऊक नाही.

ते लोड शेडिंगचे दिवस होते. पाळी संपली की आम्ही डाव सेव्ह करून ठेवायचो, म्हणजे वीज गेली तरी राज्य शाबूत. मग जिन्यात बसून पुढच्या चालींचा खल चालायचा. माझ्या मते खरा खेळ तिथेच होता. बुद्धिबळवाल्यांना हे वेगळं सांगायला नको.

गेमची प्रकाशक थ्रीडीओ कंपनी २००३ साली दिवाळखोरीत निघाली आणि हक्क फ्रान्सच्या युबिसॉफ्टकडे गेले. २०१५ मध्ये त्यांनी गेम नव्या रूपात आणला, पण मूळ गेमचे दोन विस्तार त्यात नव्हते. त्या विस्तारांचा मूळ कोडच हरवला होता. या गेमला जगवलं ते खेळणाऱ्यांनी. रशियातल्या चाहत्यांनी २०११ पासून 'हॉर्न ऑफ द अबिस' या नावानं नवी नगरं जोडली, तीही फुकट. दुसऱ्या काहींनी 'व्हीसीएमआय' नावाचं इंजिन पहिल्यापासून लिहून काढलं. मूळ गेमच्या फाइली असल्या की तो त्यावर आज मोबाइलवरही चालतो, आणि इंजिनाचा कोड सर्वांना खुला आहे.

वऱ्हाडातल्या इंजिनिअरिंगच्या मुलामुलींनो, तो कोड उघडून पाहा. गेमच्या मराठी अनुवादाला हात घाला. आणि जमेल तर चौघं-पाच जण एकाच खोलीत बसून करा.