सवलत आणि घरपट्टी

(कल्याण येथे बौद्ध कुटुंबांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा माझा विषय सभेत टाळ्या मिळविणारा नाही. तो घरपट्टीच्या देयकाचा आहे. तरीही मी तो मुद्दाम निवडला आहे, कारण आपल्या वस्त्यांत एक समज रूढ झालेला मी पाहतो. शासनाने एकदा आपणांस निराधार, दुर्बल किंवा अनुसूचित जातीचे म्हणून मान्य केले, की ही मान्यता सर्व कचेऱ्यांना आपोआप कळते आणि घरपट्टीतही सूट मिळते, असा तो समज आहे. या समजाला कायद्यात कोठेही आधार नाही. त्याच्या भरवशावर जो स्वस्थ बसतो, त्याच्या दारावर एक दिवस जप्तीची नोटीस लागते.

प्रथम हे ध्यानात घ्या की आपला संबंध दोन निरनिराळ्या सत्तांशी येतो. कल्याणची तहसील कचेरी ही राज्य शासनाची कचेरी आहे. संजय गांधी निराधार योजना, श्रावणबाळ योजना यांचे अर्ज तेथे जातात. कल्याण-डोंबिवली महानगरपालिका १ ऑक्टोबर १९८३ रोजी अस्तित्वात आली. ती १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमाखाली कर बसविते. तहसीलदार विचारतो, तुम्ही कोण आणि तुमचे उत्पन्न किती? महानगरपालिकेचा कर विभाग विचारतो, घर केवढे, बांधकाम कसले आणि वापर कशासाठी? घरपट्टीच्या हिशेबात तुमच्या उत्पन्नाचा रकानाच नाही. तेव्हा अनुदान सुरू झाले म्हणून घरपट्टी माफ होत नाही, आणि अनुदान बंद झाले म्हणून ती कमीही होत नाही.

एका कचेरीची मान्यता दुसरीवर बंधनकारक नसते, हा धडा आपल्या समाजाने फार मोठी किंमत देऊन घेतलेला आहे. १९५६ साली आपल्या वाडवडिलांनी नागपूरला धम्मदीक्षा घेतली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात बौद्धांना अनुसूचित जातींत स्थान नव्हते. महाराष्ट्र राज्याने साठच्या दशकाच्या आरंभी नवबौद्धांना आपल्या सवलती दिल्या, पण केंद्राने तसे केले नाही. १९६४ साली सर्वोच्च न्यायालयाने पंजाबराव विरुद्ध मेश्राम या खटल्यात असा निर्णय दिला की बौद्ध झालेल्या माणसास अनुसूचित जातींच्या राखीव जागेवर निवडणूक लढविता येणार नाही. केंद्राचा कायदा बदलण्यास १९९० साल उजाडावे लागले. माणूस तोच, घर तेच, दारिद्र्य तेच. परंतु मुंबईच्या मंत्रालयात तो सवलतीस पात्र होता आणि दिल्लीच्या दप्तरात अपात्र. मग तहसीलची नोंद पालिकेच्या वहीत आपोआप उतरेल, ही अपेक्षा आपण कशी धरावी?

आता एका विधवा भगिनीचे उदाहरण घेऊ. ती चाळीतील एका खोलीत राहते आणि देयक तिच्या मृत पतीच्या नावाने येते. २०२४ च्या जुलैपासून राज्याने लाडकी बहीण योजना सुरू केली. तिच्या अटी वय २१ ते ६५ आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत, अशा होत्या. या भगिनीस दरमहा १,५०० रुपये मिळू लागले आणि त्यांतून ती घरपट्टी भरू लागली. पासष्टी उलटताच ते बंद झाले. लोक तिला सांगतात, आता श्रावणबाळ आहेच. परंतु श्रावणबाळ योजनेची उत्पन्नमर्यादा वर्षानुवर्षे २१,००० रुपयांची राहिलेली आहे. धुणीभांडी करणाऱ्या सुनेची मिळकत धरून घराचे उत्पन्न वर्षाला साठ हजार असेल, तर जी बाई काल एका योजनेस पात्र होती ती आज दुसरीस अपात्र ठरते. तिची गरज कमी झाली नाही, केवळ वय एका वर्षाने वाढले.

घरपट्टी मात्र थांबत नाही. ती सहामाही हप्त्यांनी, १ एप्रिल आणि १ ऑक्टोबर रोजी, आगाऊ देय होते. देयकानंतर ठरलेल्या मुदतीत ती न भरल्यास दरमहा दोन टक्के शास्ती लागते. सहा हजारांच्या थकबाकीवर महिन्यास १२० आणि वर्षास १,४४० रुपये होतात. म्हणजे निराधाराच्या १,५०० रुपयांच्या हप्त्यांपैकी वर्षातला एक हप्ता जवळजवळ पुरा शास्तीतच जातो, आणि मूळ कर तसाच उभा राहतो. पुढे मागणीची नोटीस येते, त्यानंतर सामानाची जप्ती, आणि शेवटी घराचीही जप्ती व विक्री होऊ शकते. पालिका वेळोवेळी अभय योजना काढते; तिच्यात शास्तीचा मोठा भाग माफ होतो, मूळ कर माफ होत नाही. अभय योजनेच्या आशेने कर थकविणे हा तोट्याचा व्यवहार आहे.

मग करात साह्य मुळीच नाही काय? आहे, परंतु ते ज्याचे त्याने मागावे लागते. २०२० साली राज्य शासनाने माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवा यांना एका राहत्या घराच्या मालमत्ता करात सूट देण्याची योजना काढली. आपल्यांतील कित्येक कुटुंबांत महार रेजिमेंटमधून निवृत्त झालेले वडीलधारे आहेत. त्यांनी सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला जोडून पालिकेकडे अर्ज केला आहे काय, याची चौकशी आजच घरी करा. ते वारले असतील तर विधवेच्या नावाने नवा अर्ज करा. मुंबईतील आप्त सांगतील की पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांस कर नाही. २०२२ सालचा तो निर्णय बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीपुरता होता. दादरच्या नातलगाच्या शब्दावर विसंबून कल्याणचे देयक फाडू नका.

आपल्या विहारांसंबंधीही एक शब्द सांगतो. केवळ सार्वजनिक उपासनेसाठी किंवा धर्मादाय कार्यासाठी वापरल्या जाणाऱ्या इमारतीस अधिनियमाच्या कलम १३२ प्रमाणे सामान्य कर माफ आहे. पाणी आदी इतर आकार या माफीत येत नाहीत. आणि विहाराचे सभागृह भाड्याने देऊन त्यावर उत्पन्न मिळविण्यास आरंभ केला, तर त्या भागापुरती माफी धोक्यात येते. वापर बदलला की कर बदलतो, हे विहाराच्या विश्वस्तांनी ठराव करण्यापूर्वी ध्यानात घ्यावे.

हा घोळ केवळ आपल्याकडेच आहे असे नाही. इंग्लंडमध्ये गरिबांना स्थानिक करात साह्य देण्याची राष्ट्रीय योजना होती. ती एप्रिल २०१३ मध्ये रद्द झाली आणि प्रत्येक स्थानिक कौन्सिलने काम करण्याच्या वयातील लोकांसाठी आपापली योजना केली. त्याच सुमारास अनेक जुनी अनुदाने एकत्र करून युनिव्हर्सल क्रेडिट आणले गेले. त्यात स्थानिक कराचे साह्य समाविष्ट नाही. त्यासाठी कौन्सिलकडे वेगळा अर्ज करावा लागतो. नवे अनुदान मिळाले म्हणजे सर्व काही झाले असे समजून जो हा दुसरा अर्ज करीत नाही, त्याच्यावर कराची थकबाकी चढते. एवढ्या सुव्यवस्थित देशातही एक खिडकी दुसऱ्या खिडकीचे काम करीत नाही.

रमाई आवास योजनेने अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबांना पक्के घर मिळते, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु पत्र्याच्या खोलीच्या जागी पक्के घर उभे राहिले की करयोग्य मूल्य नव्याने ठरते आणि त्याची नोटीस येते. ती नोटीस कपाटावर टाकू नका. आकारणी अवाजवी वाटल्यास नोटिशीतील मुदतीत लेखी हरकत द्या व पोच घ्या. तिचा निकाल मान्य नसेल तर कलम ४०६ प्रमाणे पंधरा दिवसांत न्यायाधीशाकडे अपील करता येते. मात्र त्यासाठी आधी हरकत घेतलेली असावी लागते आणि कराची रक्कम भरावी लागते. मुदत चुकली की खरी बाजूही ऐकली जात नाही.

घरपट्टीच्या पावतीने मालकी सिद्ध होत नाही, आणि अनधिकृत बांधकाम तिने अधिकृतही होत नाही. पण तिचे मोल कमी लेखू नका. जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. आपले आजोबा रेल्वेत किंवा गिरणीत कामासाठी इकडे आले; त्यांच्या गावच्या घराची त्या काळातील पावती ट्रंकेच्या तळाशी असेल तर ती नातवाच्या शिष्यवृत्तीस आधार देऊ शकते. शाळेच्या नोंदींसोबत तीही जपून ठेवा. शिवाय, पालिकेची नोटीस बजावली गेल्यावर तीन महिन्यांत जो थकबाकी भरीत नाही, तो नगरसेवकपदास अपात्र होतो. १९९० साली जे राखीव जागेचे दार आपणांस उघडले, ते थकलेल्या घरपट्टीपायी आपल्याच हाताने लावून घेण्याची पाळी कोणावरही येऊ नये.

म्हणून माझे सांगणे एवढेच आहे. घरात मृत्यू, लग्न, नोकरी, पासष्टी, नवे घरकुल यांपैकी काहीही घडले, की त्याच महिन्यात दोन अर्ज करा: एक तहसील कचेरीत आणि दुसरा प्रभाग कार्यालयातील कर विभागात. देयकावरचे नाव वारसाच्या नावाने करून घ्या. प्रत्येक अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. अनुदान बंद होण्याचा दिवस आपणांस आधी ठाऊक असतो. पासष्टी अचानक येत नाही. तिच्या सहा महिने आधी पुढची योजना कोणती, तिची मर्यादा किती आणि एप्रिलची घरपट्टी कोठून भरावयाची, याचा हिशेब घरातील शिकलेल्या मुलामुलींनी आईजवळ बसून करावा. जेथे मुले शिकलेली नाहीत, तेथे शेजारच्या मुलीने तो करून द्यावा. या सभेतून उठण्यापूर्वी प्रत्येक चाळीने अशी दोन नावे ठरवावीत, अशी माझी विनंती आहे.

जय भीम.