वाणसामानाची सवलत आणि गृहिणीचा हिशेब
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



तप, स्वाध्याय, तीर्थयात्रा हे सुवर्णमहोत्सवाला शोभणारे विषय. त्यांच्या रांगेत वाणसामानाचा विषय कसा आला, असा प्रश्न कोणाच्या मनात उभा राहिल्यास नवल नाही. परंतु महिन्याच्या पहिल्या आठवड्यात यादी पुढे घेऊन बसलेल्या गृहिणीला हा विषय क्षुल्लक वाटत नाही. तेल, तूप, डाळी, साखर यांचा आकडा एकदा चुकला की त्याची भरपाई मुलांच्या शिक्षणातून वा औषधपाण्यातून करावी लागते, हे तिला पक्के ठाऊक असते.

पूर्वी डहाणू-तलासरीच्या घरांतून ‘सेल’ हा शब्द नव्हता, ‘बेगमी’ हा शब्द होता. फाल्गुन-चैत्रात नवा गहू बाजारात येई, त्याच्या आधी नवी तूर. परिसरातील भात तर दिवाळीच्या सुमारास खळ्यावरून घरी येई. माल भरपूर आणि भाव उतरलेला असताना वर्षाची खरेदी करावयाची, कडक उन्हे द्यावयाची, गव्हाला एरंडेल चोळावयाचे, ही रीत घरोघरी होती. जैन घरात एरंडेल चोळण्यामागे काटकसरीइतकीच जयणा होती. धान्यात कीड पडली तर पैसा जातो हे खरे, पण निवडताना जी जीवहिंसा होते तिचा दोष कोणत्या वहीत लिहिणार? म्हणून कीड पडूच न देणे हाच मार्ग वडीलधाऱ्यांनी पत्करला.

पुढे बाजाराची चाल बदलली. २००६ सालच्या २६ जानेवारीला ‘बिग बझार’ने ‘सबसे सस्ता दिन’ जाहीर केला आणि लोटलेली गर्दी आवरणे कठीण होऊन बसले. नंतरच्या काळात त्या एका दिवसाचे अनेक दिवस झाले. २०२२ मध्ये त्या नावाची दुकाने उरली नाहीत. दुसरीकडे, २००२ साली पवईत पहिले दुकान उघडणाऱ्या ‘डी-मार्ट’ने सणाच्या सेलपेक्षा रोजच्याच कमी भावावर भर दिला. पुरवठादाराला पैसे लवकर द्यावयाचे, त्याबद्दल वटाव मिळवावयाचा आणि त्यातला वाटा ग्राहकाला द्यावयाचा, ही तिची पद्धत. रोखीचा व्यवहार, मोठी उचल, थोडा नफा: व्यापारी कुळात जन्मलेल्यांना यात नवे ते काय? आजोबांच्या पेढीवरचेच हे सूत्र वातानुकूलित दुकानात जाऊन बसले, इतकेच.

तेव्हा सवलत खोटी असते असे म्हणता येणार नाही. मात्र ती कोठे संपते, हे पाहिले पाहिजे. तलासरीहून महामार्गाने वापीला जाऊन महिन्याचे सामान आणणारे कुटुंब घ्यावे. समजा, ४,००० रुपयांच्या खरेदीवर शेकडा ८ प्रमाणे ३२० रुपये वाचले. जाऊन-येऊन ६० किलोमीटर, लिटरमागे १५ किलोमीटर धावणारी मोटार आणि शंभर रुपयांच्या आसपास पेट्रोल धरले, तर ४०० रुपये वाटेतच जळाले. शिवाय मुलांचा फराळ आणि यादीत नसलेल्या वस्तू. याउलट, २०१३ साली डहाणू रोडपर्यंत लोकल आल्यापासून नोकरीसाठी रोज पास काढून जाणारा मुलगा येताना तीच पिशवी घेऊन आला, तर बचत पूर्णपणे घरात येते. सवलत तीच, पण एका घरी नफा, दुसऱ्या घरी तोटा.

कुपनांचेही तसेच. नोकरदारांना कंपनीकडून मिळणाऱ्या भोजन-कुपनांवर अनेक घरांचा किराणा वर्षानुवर्षे चालला. कागदी कुपने २०१७ अखेर बंद होऊन त्यांची जागा कार्डाने घेतली. ‘पुढच्या खरेदीवर १०० रुपये सूट’ हे कुपन मात्र वेगळ्या जातीचे असते. ते मागील खरेदीचे बक्षीस नसून पुढच्या खरेदीचे बंधन होय.

छापील कमाल किमतीवर किती टक्के सूट मिळाली, यापेक्षा किलोला वा लिटरला काय पडले, हे पाहणे अधिक शहाणपणाचे. २०२१ साली झालेल्या नियमदुरुस्तीने आवेष्टित वस्तूंवर एकक विक्री किंमत छापण्याची तरतूद आली. तो बारीक अक्षरांतला आकडा वाचण्यासाठी चष्मा बरोबर नेण्यास हरकत नाही. मोठा पुडा नेहमीच स्वस्त असतो, हा समजही तपासून घ्यावा. अर्धा किलोचा पुडा ८५ रुपयांना आणि किलोचा १८० ला असेल, तर दोन लहान पुडे घेणारी गृहिणीच हुशार. तसेच १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या आवेष्टित व लेबल लावलेल्या धान्य-डाळींवर शेकडा ५ जीएसटी लागू झाला. सुट्या धान्यावर तो नाही. ओळखीच्या दुकानातील गोणीतून तोलून घेतलेल्या डाळीला हा एक सरळ फायदा आहे.

जैन स्वयंपाकघराला आणखी एक मोजमाप आहे, ते काळाचे. मिठाईची मर्यादा पावसाळ्यात १५, उन्हाळ्यात २० आणि हिवाळ्यात ३० दिवसांची पाळली जाते. पाकिटावर सहा महिन्यांची मुदत छापलेली असली म्हणून श्रावकाची मर्यादा वाढत नाही. चातुर्मासात सुकामेवा वर्ज्य असणाऱ्या घरी आषाढातील ‘एकावर एक मोफत’ बदाम-काजू येऊन पडले, तर कार्तिकापर्यंत समुद्राकाठच्या दमट हवेत त्यांचे काय होते, हे डहाणूकरांना सांगावे लागत नाही.

सवलत मागावी कशी, याचे उत्तम उदाहरण मात्र मॉलमध्ये नाही. १९७५ सालच्या गुढीपाडव्याला मुंबई ग्राहक पंचायतीची स्थापना झाली. बिंदुमाधव जोशी हे त्या चळवळीचे एक प्रवर्तक, आणि ज्येष्ठ संगीतकार सुधीर फडके यांनीही त्या कार्यात स्वतःला जोडून घेतले होते. महागाईविरुद्ध मुंबईच्या स्त्रिया लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, त्यालाही तेव्हा फार वर्षे झाली नव्हती. पंचायतीने निषेधाच्या पुढचे पाऊल टाकले. शेजारच्या काही कुटुंबांनी एक संघ करावयाचा, छापील यादीवर महिन्याची गरज लिहून द्यावयाची, पैसे आगाऊ भरावयाचे. सर्व संघांची मागणी एकत्र करून माल घाऊक भावाने घेतला जातो आणि संघातील एका घरी उतरतो. तेथे सभासद आपापला वाटा मोजून नेतात. दुकान नाही, काच-कपाट नाही, जाहिरात नाही. आगाऊ पैसे आणि एकत्र उचल, म्हणजे पुन्हा तेच पेढीचे सूत्र. फरक एवढाच की येथे वटाव थेट गृहिणीच्या पदरात पडतो. यादी घरी बसून लिहावयाची असल्याने हौसेची खरेदीही आपोआप गळते. मुंबईच्या नायगावात १९४८ साली कामगारांनी सुरू केलेला ‘अपना बाजार’ आणि त्याच्याही शतकभर आधी, १८४४ मध्ये, इंग्लंडमधील रॉचडेल येथे विणकरांनी उघडलेले लोणी-साखर-पिठाचे छोटे दुकान ही याच कुळातील वडील भावंडे.

येथे एक अडचण उघडपणे बोलली पाहिजे. या समाजातील अनेक कुटुंबांचा चरितार्थच किराणा दुकानावर आहे. शेजारणींनी मिळून घाऊक खरेदी केली, तर समोरच्या साधर्मिक दुकानदाराने काय करावे? पावसात सामान घरपोच देणारा, अडीअडचणीला खात्यावर लिहून घेणारा तोच असतो, आणि त्या उधारीचे व्याज त्याच्या भावात थोडेफार मिसळलेले असते. यावर तोडगा त्याच्याच दुकानी सापडू शकतो. दहा-बारा घरांनी एकच यादी करून रोख रकमेसह त्याच्याकडे जावे. गोणीने माल उचलला, उधारी बुडण्याचे भय राहिले नाही, की भाव उतरवणे त्यालाही परवडते. नाही परवडले, तर दुसरीकडे विचारण्यास कोणी दोष देऊ नये. व्यापाऱ्याला चढाओढ नवी नाही.

या हिशेबात आणखी एक घर धरावे लागेल. तलासरीच्या आठवडा बाजारात पाच-दहा रुपयांचे तेल, चिमूटभर हळद, एका वेळची डाळ घेणारी वारली भगिनी किलोमागे बहुधा सर्वांत जास्त दाम मोजते. १ जानेवारी २०२३ पासून अन्नसुरक्षा कायद्याखालील धान्य तिला मोफत मिळते, परंतु तेल, डाळ, मिरची, साबण बाजारातूनच आणावे लागते. कोणताही सेल तिच्या उपयोगाचा नाही, कारण सवलतीसाठी आधी रोख रक्कम हाती असावी लागते. हीच भगिनी डहाणू-घोलवडच्या चिकूच्या वाड्यांत राबते, अनेकांच्या घरी धुणीभांडी करते. तिची दोन किलो डाळ आणि दोन लिटर तेल त्याच संयुक्त यादीत लिहिले, पैसे मालकाने भरले आणि तिच्याकडून आठवड्याच्या पगारातून बिनव्याजी थोडे थोडे घेतले, तर घाऊक भावाचा लाभ तिलाही होतो. भरणाऱ्याचे यात काही जात नाही. पावसाळ्याच्या तोंडाशी, वाडीतील काम मंदावण्यापूर्वी, तिला त्याची गरज सर्वाधिक असते. म्हणून पहिली यादी वैशाखातच तयार व्हावी आणि तिच्या नावाचा रकाना त्यात आधीच आखलेला असावा.