अंगरख्याखालचे चिलखत



सांगलीहून आलेल्या माणसाने साताऱ्यात हळदीवर बोलावे, चिलखतावर नव्हे, असे तुम्हांस वाटले असेल. पण हा विषय माझ्या नातवाचा आहे. इंद्रजाल कॉमिक्सच्या जुन्या अंकातील वेताळ पुढे धरून त्याने विचारले, "आजोबा, ह्याला सुरा लागत कसा नाही?" पाहिले तो अंगाला चिकटलेले नुसते कापड! सुरा लागावयासच हवा. दुष्टांशी झुंजणाऱ्या वेषधारी वीराने आत काय घालावे, ह्याचे उत्तर मात्र तुमच्याच जिल्ह्यात, प्रतापगडाखाली, १० नोव्हेंबर १६५९ रोजी मिळून गेले आहे.

महाराजांनी वर जरीची कुडती घातली होती, आत चिलखत होते, असे सांगतात. खानाने मान बगलेत दाबून कुशीवर शस्त्र चालविले, ते वरच्या वर घासून गेले.

चिलखत म्हणजे एकमेकांत ओवलेल्या लोखंडी कड्यांचा सदरा. धार कड्यांवरून निसटते. पण अरुंद टोक नेमके कडीत बसले तर ती उघडते, आणि म्हणूनच काही कट्यारींचे टोक मुद्दाम जाड घडवीत. शिवाय घाव अडला तरी मार आत पोचतोच. त्यासाठी खाली जाड कापसाळ अंगरखा लागतो. म्हणजे ओझे आले, उकाडा आला. आणि दाबलेल्या मानेला ह्या कड्यांचा काय उपयोग? ती स्वतःच सोडवून घ्यावी लागली. चिलखताने फक्त एक क्षण दिला.

१९६५ साली अमेरिकेत स्टेफनी क्वोलेक ह्या रसायनशास्त्रज्ञ बाईंनी केव्हलारचा धागा शोधला. त्याचे थरावर थर पिस्तुलाची गोळी जाळ्यात माशासारखी धरतात. पण सुऱ्याचे टोक धाग्यांमधून वाट काढू शकते, आणि रायफलीच्या गोळीस पुढे कठीण पत्राच लागतो. तेव्हा शत्रूच्या हाती काय आहे हे आधी ठाऊक हवे. महाराजांना ते ठाऊक होते.

कोणी म्हणेल, शूराला चिलखत कशाला? हे बोलणे मला फार घातक वाटते. बहुधा ते घरात बसलेल्यांचेच असते.

ह्याच जिल्ह्यातले, जावळी तालुक्यातल्या केडंब्याचे तुकाराम ओंबळे मुंबई पोलिसांत सहायक उपनिरीक्षक होते. २६ नोव्हेंबर २००८ च्या त्या रात्री गिरगाव चौपाटीजवळ त्यांनी कसाबच्या रायफलीची नळी दोन्ही हातांनी धरली. गोळ्या पोटात गेल्या, पण पकड सुटली नाही, आणि तो जिवंत सापडला. २००९ साली त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. त्यांच्यापाशी लाठी होती. गोळी अडवील असे अंगावर काही नव्हते.

नातवाला मी वेताळाचे उत्तर देऊन टाकले. ते चित्र आहे, म्हणालो. ओंबळ्यांविषयी त्याने अजून विचारलेले नाही.