तीन पायऱ्या आणि लिफ्ट

मी वसई पूर्वेला एव्हरशाईन सिटीत राहतो. आमच्याकडे इमारतींना लिफ्ट आहेत, पण कित्येक ठिकाणी लिफ्टपर्यंत जायला आधी तीन पायऱ्या चढाव्या लागतात. चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला सातव्या मजल्यापेक्षा या तीन पायऱ्याच उंच. अपंगांची संस्था वाढते कशी, याचा विचार करताना मला या पायऱ्याच आठवतात.

अशीच एक संस्था उभी करणाऱ्या नसीमा हुरझूक यांचं कमरेखालचं शरीर ऐन सोळाव्या वर्षी लुळं पडलं. पुढे त्यांना बंगळुरूचे बाबूकाका दिवाण भेटले. ते स्वतः खुर्चीवर बसून व्यवसाय सांभाळणारे. नसीमादीदी शिकल्या, नोकरीला लागल्या आणि १९८४ मध्ये त्यांनी कोल्हापुरात ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था सुरू केली.

संस्थेची पुढची वाढ कुणी कागदावर आखून ठेवली असेल असं मला वाटत नाही. एक गरज भागली की तिच्या पोटातून दुसरी निघते. खेड्यातल्या मुलानं शिकायचं, तर राहायचं कुठे? म्हणून ‘घरौंदा’ वसतिगृह. वर्ग जिन्याच्या वर असेल तर काय? म्हणून खुर्ची आत जाईल अशी शाळा. पायाला आधार देणारा कॅलिपर मोडला, चाक निखळलं तर? त्यासाठी वर्कशॉप. मुलं शिकून मोठी झाली, आता काम कोण देणार? त्यातून सिंधुदुर्गात, मोरे गावी ‘स्वप्ननगरी’ आणि तिथे काजूप्रक्रिया. कोकणात काजू पिकतो, आणि त्यातली बरीच कामं बसून करता येतात. असा साधा हिशेब जमायला किती वर्षं जावी लागतात!

या सगळ्यात संडास-बाथरूमचं नाव कुणी घेत नाही. खुर्ची साधारण सव्वादोन फूट रुंद. ती वळवायला पाच फूट मोकळी जागा हवी. मी घरच्या बाथरूमला टेप लावून पाहिला. दारातून खुर्ची कशीबशी आत जाईल, पण वळणार नाही. दीदींनी आपल्या आत्मकथेला ‘चाकाची खुर्ची’ हेच नाव का दिलं असेल, ते तेव्हा कळलं.

कायदा मात्र पुढे गेला आहे. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात एकवीस आहेत. आता शब्दही ‘दिव्यांग’ झाला.

आमच्या सोसायटीच्या सभेत रॅम्पचा विषय निघाला होता. तीन पायऱ्या म्हणजे दीड फूट उंची. उतार नियमाप्रमाणे एकास बारा, म्हणजे अठरा फूट लांबी. एका मोटारीची जागा जाणार. खर्चाबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. मोटार कुणाची हलवायची, यावर तासभर वाद झाला, आणि विषय पुढच्या सभेवर गेला.